बारशाला आलेला मका

एस्थर सिस्टरांची आणि माझी पहिली भेट झाली ती शहात्तर साली, दोह्याच्या इस्पितळात, मी बाळंतपणाच्या कळा सोसत असताना. व्हिसा न मिळाल्याने आई येऊ शकली नव्हती. मी मराठीतून त्यांना नाही नाही ते बोलले. सोनाली झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, त्या शब्दांचा अर्थ काय? देवाचं नाव घेत होते, असं मी ठोकून दिलं.

आज त्या साठ वर्षांच्या होऊन निवृत्त होत आहेत. आपल्या मंडळाच्या या अंकात त्यांच्या सेवेविषयी बहुतेकांनी लिहिलं आहेच. वॉर्डात घरचं खाणं आणायला बंदी असताना त्यांनी आमची अळिवाची खीर आत येऊ दिली. आधी स्वतः चाखली, मग डॉक्टरांना सांगितलं की ही मी खाल्ली आहे, बाळंतिणीलाही चालेल. बायको गावी असलेल्या किती ड्रायव्हर-फिटर मंडळींना त्यांनी मुलाचा जन्म झाल्याची तार वाचून दाखवली असेल, आणि वर मिठाईही मागून खाल्ली असेल.

त्या कोण, हे मात्र कुणी लिहिलेलं नाही, कारण आम्ही कधी धड विचारलंच नाही. त्या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या मूळ रहिवाशांपैकी, निपमक लोकांपैकी. निपमक म्हणजे गोड्या पाण्याकाठची माणसं. आमच्यातल्या एका शहाण्याने त्यांना घोडा आणि पिसं कुठे ठेवलीत, असं विचारलं होतं. आमचे भाऊबंद मोटारी दुरुस्त करतात, असं त्या हसून म्हणाल्या. मला मात्र त्या पुष्कळ सांगत. मका, घेवडा आणि भोपळा त्यांच्याकडे एकाच आळ्यात लावतात. मका राखेत भाजून, चाळून, कुटून त्याचं पीठ पूर्वी प्रवासाला कमरेच्या पिशवीत नेत आणि पाण्यात कालवून खात. आमच्या सातूच्या पिठासारखंच, असं मी म्हटलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला होता. कधीच हातची न गेलेली थोडी जमीन त्यांच्या लोकांकडे अजून आहे. उन्हाळ्यात सगळे तिथे जमतात, नाचतात, जेवतात. तीनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी त्यांच्या पूर्वजांना ऐन थंडीत समुद्रातल्या एका बेटावर नेऊन ठेवलं होतं. अन्नावाचून पुष्कळजण तिथेच गेले. त्यामुळे आमच्या घरी पानात टाकलेलं चालत नाही, असं त्या म्हणत.

सोनालीचं बारसं दोह्याच्या बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये झालं. सिस्टर पातेलंभर उकडलेला मका आणि घेवडा घेऊन आल्या. मका त्यांच्या मावशीने पिकवलेला, त्यांनी सुट्टीहून येताना बॅगेतून आणलेला. आम्ही शाकाहारी म्हणून चरबीऐवजी तूप घातलेलं. मी आतल्या खोलीत बाळाजवळ होते. संपलं, सगळ्यांना आवडलं, असं मोठ्या जाऊबाईंनी सांगितलं, तेच मी सिस्टरांना सांगितलं. तेव्हापासून दोह्यातल्या प्रत्येक मराठी बारशाला त्यांचं पातेलं येऊ लागलं आणि आमच्याकडून लाडू भरून परत जाऊ लागलं.

गेल्या महिन्यात शेजारच्या बारशाला मी स्वयंपाकघरात गेले, तर जाऊबाई ते पातेलं कचऱ्याच्या पिशवीत उपडं करत होत्या. मी विचारलं, हे काय?

"अगं, त्यात काय असंल कुणी सांगावं? सोनीच्या बारशापास्नं असंच करतोय. भांडं मात्र कधी रिकामं नाही धाडलं हो."

जाऊबाई दुष्ट नाहीत. माझं सगळं बाळंतपण त्यांनीच केलं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपली रीत त्यांनी काटेकोर पाळली. त्या रीतीची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. आपण घुगऱ्या वाटणारी माणसं, आणि दारी आलेल्या दुसऱ्याच्या घुगऱ्या आपल्याला ओळखू आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरांकडे गेले आणि मान खाली घालून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. सोनालीच्या वेळी मी मीठ घालायला विसरले होते. घरी मागे ठेवलेलं थोडं खाल्लं तेव्हा कळलं. तुम्ही सगळ्यांनी मात्र छान झालं म्हणून सांगितलंत."

मग इतकी वर्षं का आणलंत, असं मी कसंबसं विचारलं.

"नाव ठेवतात त्या घरात मका जावा, असं माझी आजी म्हणायची. माझं काम नेण्याचं. पुढचं तुमचं."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी चहा केला आणि सोनालीच्या परीक्षेची चौकशी केली.

शुक्रवारी सत्काराचं जेवण आहे. मी सिस्टरांना मका शिजवायची विनंती केली आहे आणि त्या हो म्हणाल्या आहेत. तो सगळ्यात आधी वाढला जाईल. ज्यांना नको असेल त्यांनी तसं त्यांच्या तोंडावर सांगावं. जाऊबाईंना मी हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, वाढायला मी उभी राहीन.

एस्थर सिस्टर, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, असं इथे लिहायची पद्धत आहे. पण आमच्या तोंडच्या गोड शब्दांवर तुम्ही का विश्वास ठेवावा? तेव्हा शुभेच्छा आम्ही शुक्रवारी देऊ, जेवण झाल्यावर.