भासऱ्यांचे रूळ

आमच्या भासऱ्यांनी केली तेवढी लोखंडाची सेवा साऱ्या रिठद गावात लोहारानंही केली नसेल. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. नागपूरची नोकरी सोडून ते घरी आले ते एक ट्रंक आणि मोटारीची बॅटरी घेऊन. ट्रंकेत बदली होऊन गेलेल्या साहेबाकडून घेतलेली विजेची खेळण्यातली आगगाडी होती. गावात विजेचा खांब नव्हता, म्हणून बॅटरी बैलगाडीत घालून वाशीमला भरायला न्यायचे. "गाडी रुळातून पायानं करंट खाते," असं ते भेटेल त्याला सांगत. रूळ त्यांनी सोवळ्यात ठेवले होते. रोज सकाळी धोतराच्या चिंधीवर स्पिरिट घेऊन एकेक सांधा पुसायचे. नुसते रूळ बघायला येणाऱ्यालाही आधी हात धुवायला लावायचे. "घाम लागला का करंट अडते." रूळ मांडले की घरात फोडणी बंद, कारण धूर बसतो. तेवढे दिवस आम्ही उकडलेलं खाल्लं.

दसऱ्याला विळे-कुऱ्हाडींशेजारी त्यांनी रूळही पूजेला मांडले. सोनं द्यायला येणाऱ्या गावकऱ्यांना पहिल्यांदाच गाडी चालवून दाखवायची होती. सहा महिने लोक त्यांना थापाड्या म्हणत होते. औजारांना तेल लावणं माझ्याकडे. मनात आलं, बैलगाडीच्या आसाला वंगण लागतं, मग ह्या आगगाडीनंच काय घोडं मारलंय? पुरुषमाणसाला सुचलं नसेल. रुळांवरून करडीच्या तेलाचा चांगला जाड हात फिरवला.

गाडी वीतभर गेली आणि थांबली. ढकलली, पुन्हा थांबली.

"पायानं करंट खाते म्हनत होते न बाप्पा तुमी," पाटील म्हणाले, "मंग उपाशी काहून उभी हाये?"

ओसरी हसली. भासऱ्यांनी रुळावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मी दाराआड उभी होते, तिकडे एकदा पाहिलं.

"बॅटरी म्हातारी झाली," ते पाटलांना म्हणाले. "माह्यासारखी."

आमच्याकडे धाकटी भावजय भासऱ्यांशी बोलत नाही. त्या रीतीआड मी लपले, याची आजही लाज वाटते. एरवी घरातलं मीठ संपलं तरी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी भिंतीला सांगायची. हे मात्र भिंतीलाही सांगितलं नाही.

ट्रंक त्यांनी लोकांपुढे पुन्हा उघडली नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना मात्र तेच भिंतीकडे पाहून म्हणाले, "फोडनी देत जा आता. भाजीले चव नाही."

फोडणी दिली. तेल जरा कमीच पडलं. हात उचलत नव्हता.