भामाबाईंचं दीड पान

काल माझ्या पीएचडीच्या गाईडने सोशल मीडियावर भामाबाईंना श्रद्धांजली वाहिली.

‘आमच्या संशोधनातली एक निरक्षर माउली हरपली.’ खाली हात जोडलेले. सोबत भामाबाईंचा फोटो नाही, स्वतःच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ.

दोनशेच्या वर लाईक होते. ‘सर, तुमची संवेदनशीलता!’

थू.

भामाबाई माळशिरस तालुक्यातल्या. मेंढरं राखणारं घर. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून चाऱ्यासाठी बाहेर पडायचं, पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं. माझी पीएचडी अशा बायकांवर होती. सोलापुराहून एसटीने जायचे, त्यांच्याबरोबर रानात बसायचे, मोबाईलवर रेकॉर्डिंग करायचे.

सर एकदाही आले नाहीत. ऊन सोसत नाही म्हणाले.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी भामाबाई आपल्या पोरीबद्दल बोलल्या. आधी कधीच बोलल्या नव्हत्या. बोलून झाल्यावर म्हणाल्या, “तिचं नाव तेवढं लिव बाई. कुटंच लिवलेलं न्हाय. ना शाळेत, ना रेशन कार्डावर.”

मी म्हणाले, “लिहिते की. शब्द दिला.”

घरी येऊन एक शब्द न बदलता उतरवलं. दीड पान झालं. मोठं अवतरण कसं द्यायचं याचा नियम आहे. वेगळा परिच्छेद, डावीकडे मार्जिन सोडायचं, अवतरणचिन्हं द्यायची नाहीत, शेवटी बोलणाऱ्याचं नाव. म्हणजे पान उघडताच कळावं, इथून संशोधक गप्प आहे, दुसरं माणूस बोलतंय.

मी तसंच केलं. चॅप्टर सरांच्या घरी, जुळे सोलापुरात नेऊन दिला.

“दीड पान कोट?” सर हसले. “थीसिस तुझा आहे की त्या बाईचा?”

“सर, नियमात बसतंय. मार्जिन बरोबर सोडलंय.”

“मार्जिनचं सोड. ती बोली कोण वाचणार? दोन ओळीत सारांश दे. नाहीतर सही होणार नाही.”

मी दोन ओळीत सारांश दिला.

‘स्थलांतराच्या काळात बालमृत्यू घडतात. तथापि, त्यांची नोंद होत नाही.’

नाव गेलं. मीच काढलं. सरांनी फक्त सांगितलं होतं.

पदवी मिळाल्यावर पेढे आणि थीसिस घेऊन गेले. भामाबाईंनी आधी हात धुतले, पदराला पुसले, मग तो जाडजूड ग्रंथ मांडीवर घेतला.

“लिवलंस का माज्या पोरीचं नाव?”

“लिहिलंय.”

“कुटं हाय? बोट ठिव.”

मी पान काढलं. एका शब्दावर बोट ठेवलं.

तो शब्द ‘तथापि’ होता.

माझं बोट बाजूला करून त्यांनी तिथे आपलं बोट ठेवलं. बराच वेळ. सुनेला हाक मारून दाखवलं, “बग, हितं हाय.” सुदैवाने सूनही शाळेत गेलेली नव्हती.

सुदैवाने! तेव्हा मला हाच शब्द सुचला होता. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. तरी परतीच्या एसटीत मी पेढा खाल्ला.

पुढच्या वर्षी सरांचं पुस्तक आलं. प्रकाशनाला सूत्रसंचालन माझंच. सरांनी एक उतारा वाचला. मुलगी गमावलेली आई दरवर्षी, तिला जिथे पुरलं त्या शेतात जाते आणि अख्ख्या रानाला हात लावून येते.

“हे मी या डोळ्यांनी पाहिलंय,” सर म्हणाले. चष्मा काढला. डोळे पुसले.

माझंच दीड पान. मार्जिन काढून टाकलेलं, बोली धुऊन शुद्ध केलेली, नावं दोन्ही गायब. भामाबाईंचं बोलणं सरांचं झालं होतं.

सभागृहात टाळ्या. माइक माझ्या हातात होता. मी म्हणाले, “धन्यवाद सर, आपण सर्वांना अंतर्मुख केलंत.”

परवा भामाबाई गेल्या. काल त्यांच्या गावी गेले आणि त्यांच्या मुलाला, महादेवला, सगळं खरं सांगितलं.

तो म्हणाला,

“आईनं समद्या गावाला सांगितलं हुतं की. पुस्तकात पोरगी हाय म्हनून.”

मी रडायला लागले.

“आता रडून काय उपेग? लिवा की मग.”

म्हणून लिहितेय. इथे डावीकडे जागा सोडता येत नाही, सोडलीय असं समजा. दीड पानाचा हा शेवटचा भाग.

पोरीला ताप हुता. तिसऱ्या दिशी सकाळी उठलीच न्हाय. रान दुसऱ्याचं. मालक भला हुता, म्हनला, बांधाच्या कडंला पुरा. पुरली आन दुपारी फुडं निगालो. मेंढरं थांबत्यात व्हय? दर साली त्याच वाटंनं जातो. मालक गेला, त्याच्या पोराला कायबी ठावं न्हाय. म्याबी सांगत न्हाय. त्यानं बांध नांगरला. आता जागा मलाबी गवसत न्हाय. मग आख्ख्या रानाला हात लावून येते. सगुणा नाव तिचं. तीन वर्साची हुती.
— भामाबाई

सरांच्या पोस्टखाली सकाळी हेच टाकलं. दहा मिनिटांत उडवलं. मग फोन.

“पुढच्या आठवड्यात तुझा प्राध्यापकपदाचा इंटरव्ह्यू आहे ना? पॅनलवर मी आहे, माहितीये ना?”

“माहितीये सर.”

“मग हा मूर्खपणा बंद कर.”

मी फोन ठेवला. दुपारी विद्यापीठात जाऊन लेखी तक्रार दिली. सरांचं पुस्तक, माझं मूळ रेकॉर्डिंग, आणि मी स्वतः काय केलं तेही. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, “यात तुमचीही पदवी अडचणीत येईल हो.”

“येऊ दे,” म्हणाले. पोच घेतली.

इंटरव्ह्यूला जाणार आहे. समोर सर असतील. बघू.

भामाबाई, तुम्ही जिवंत असताना हे करायला हवं होतं. केलं नाही. माफी मागत नाही, ती द्यायला तुम्ही नाही.

शांतपणे जा.