सतरा नंबरची घोडी

त्या घोडीचा नंबर मला आजही आठवतो. सतरा. पुढे नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातल्या कित्येक आरोपींची नावं आता सांगता येणार नाहीत. पण ठाण्याच्या आवारात कडुनिंबाला बांधलेली ती तांबूस घोडी काही विसरता आली नाही. माणसांची नावं मात्र मी इथे लिहीत नाही. काही जण आता नाहीत, आणि जे आहेत त्यांना ते आवडेल की नाही, मला माहीत नाही.

साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझे वडील फौजेत स्वयंपाकी होते. त्यांची शेवटची नेमणूक जयपूरला झाली आणि आम्ही तिथेच राहिलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बी.ए. होऊन सब-इन्स्पेक्टर झालो आणि रेल्वे स्टेशनकडच्या एका ठाण्यात काम शिकायला रुजू झालो. आमचे थानेदार जुन्या काळातले, मनाने चांगले, पण मला नावाने कधी हाक मारली नाही. ते मला ‘प्रोफेसर’ म्हणत.

एके दिवशी टांग्यांचा एक बडा मालक फिर्याद घेऊन आला. त्याचे पंधराएक टांगे भाड्याने फिरत. महिन्यापूर्वी जनावरांच्या मेळ्यातून त्याने एक घोडी आणली होती आणि आठ दिवसांपूर्वी ती तबेल्यातून चोरीला गेली, असं त्याचं म्हणणं. खरेदीची पावतीही त्याच्याकडे होती. त्याच संध्याकाळी आमच्या खबऱ्याने, म्हणजे स्टेशनसमोरच्या चहावाल्याने, बातमी दिली की तशी एक घोडी बनी पार्क वस्तीतल्या एका बंद आवारात लपवून ठेवली आहे. आम्ही गेलो. घोडी होती, आणि तिच्याजवळ उकिडवा बसून तिचा पाय चोळत होता टांगेवाल्यांच्या युनियनचा पुढारी.

त्याला सगळं स्टेशन हवालदारजी म्हणे. मूळचा साताऱ्याकडचा. अठराव्या वर्षी फौजेत गेला, महायुद्धात खेचरांच्या तुकडीबरोबर डोंगर चढला, दोन वर्षं शत्रूच्या कैदेत काढली. फौजेतून सुटला तेव्हा जयपूरला होता. फौजेने काढून टाकलेला एक म्हातारा घोडा त्याने घेतला आणि टांगा हाकू लागला. टांगेवाल्यांची युनियन त्यानेच उभी केली. अड्ड्यावर घोड्यांसाठी सावली आणि पाण्याची टाकी मिळवली, सवाऱ्या घ्यायला टांग्यांची रांग लावली. युनियन चालवायची त्याची रीत फौजेची होती. रोज सकाळी सहाला घोड्यांची तपासणी. कोणाच्या खांद्याला जखम दिसली, कोणी लंगडताना दिसला की तो घोडा ‘आजारी लाइनीत’, म्हणजे त्या बनी पार्कातल्या आवारात. तिथून हवालदारजीने सोडल्याशिवाय तो जुंपायचा नाही. तोवर त्याच्या टांगेवाल्याचं घर चालावं म्हणून बाकीचे आळीपाळीने आपला टांगा आणि रांगेतला नंबर त्याला देत. आणि युनियनच्या प्रत्येक घोड्याच्या पुढच्या डाव्या खुरावर तापल्या लोखंडाने नंबर डागलेला असे. फौजेत जनावरांना डागतात तसाच.

घोडीच्या खुरावरही नंबर होता. मालकाने तो लगेच दाखवला. म्हणाला, ओळख पुसायला चोराने नवा नंबर डागलाय. आम्ही घोडी जप्त केली. आवारात एक वहीही सापडली. तिच्यात सतरा नंबरची नोंद चार महिन्यांपूर्वीची होती, पण वहीत फक्त नंबर आणि दुखणी, घोडा कोणाचा ते कुठेच नाही. थानेदार म्हणाले, तारीख काय, मागची घालून आजही लिहिता येते.

ठाण्यात आणल्यावर वेगळीच अडचण उभी राहिली. जप्त मालाला लाखेचं सील लागतं. आमचा मुन्शी, म्हणजे ठाण्याचा कारकून, नियमाचा पक्का. वितळलेली लाख घेऊन तो घोडीभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि थानेदारांना गंभीरपणे विचारू लागला, सील कुठे करू? शेवटी गळ्यातल्या दोरीला चिठ्ठी बांधली आणि गाठीवर सील केलं. सकाळपर्यंत घोडीने चिठ्ठी खाल्ली होती. मुन्शीने तेही ठाण्याच्या रोजनामच्यात लिहिलं.

हवालदारजीला मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं. तीन दिवसांची कोठडी मिळाली. चौकशीला बसवलं की तो ताठ बसे, समोरच्या भिंतीकडे बघे आणि आपला फौजेतला नंबर, हुद्दा आणि नाव सांगे. घोडी कोणाची? पुन्हा नंबर, हुद्दा, नाव. थानेदारांनी समजावलं, दटावलं, चहा पाजला. चहा त्याने घेतला. नंतर पुन्हा तेच.

“प्रोफेसर,” थानेदार मला म्हणाले, “ये तुम्हारे मुलुक का आदमी है. तुम्हीं सँभालो.”

घरी वडिलांना मी हे सांगितलं तर ते हसायला लागले. म्हणाले, कैदेत पडलेला शिपाई शत्रूला एवढंच सांगतो. तुझा हवालदार कोणाला तरी पाठीशी घालतोय.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच त्याच्याजवळ गेलो आणि मराठीत बोललो.

“काका, तुम्ही असेच गप्प राहिलात तर कोर्टात घोडीचोर म्हणून उभं राहावं लागेल. घोडीही मालकाला जाईल.”

“राहीन की उभा. पाय धड आहेत माझे.”

“खरा धनी कोण आहे, तेवढं सांगा.”

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. मग म्हणाला, “पोरा, ज्याची घोडी आहे ना, तो खाकी टोपी दिसली की टांगा दुसऱ्या गल्लीत घालतो. मी नाव घेतलं की तुम्ही त्याला इथं आणणार. थानेदार नुसता खाकरला तरी म्हणाल त्या कागदावर तो अंगठा देईल. मग घोडी कायमची गेली. त्यापेक्षा मी चोर बरा.”

मी बाहेर आलो.

बाहेर घोडीला पोटीस चाललं होतं. तिचा पाय दुखावलेला होता. आदल्या सकाळपासून एक किडकिडीत टांगेवाला आणि अड्ड्यावरचा म्हातारा नालबंद, दोघे गव्हाच्या कोंड्याचं गरम पोटीस घेऊन फाटकाशी येऊन उभे राहत. हवालदारजीचा हुकूम होता म्हणे, आजारी जनावराची पाळी चुकवायची नाही, मग ते ठाण्यात का असेना. थानेदारांनी परवानगी दिली होती. किडकिडीत माणूस एक शब्द बोलत नसे. शिपाई जवळून गेला की तो मान खाली घाली, पण पोटीस नेमकं बांधे.

युनियनचे दोन टांगे फाटकाबाहेर उभे होते. मी उगाच त्या घोड्यांच्या खुरांकडे बघितलं. एकाचा नंबर अगदी वर, केसांना लागून. दुसऱ्याचा पार खाली, नालेपर्यंत आलेला. मी नालबंदाला विचारलं, हवालदारजी वाटेल तिथे डागतात का? नालबंदाला माझी कीव आली असावी. तो म्हणाला, हवालदारजी डागतात ती जागा ठरलेली, केसांखाली एक बोट. पण खूर म्हणजे नख. ते वाढतं तसा नंबर खाली सरकतो. खालून झिजून गेला की पुन्हा वर डागायचा.

मी घोडीपाशी गेलो आणि तिचा पाय उचलला. नंबर केसांखाली तीन बोटांवर होता, कडा झिजून पुसट झालेल्या. दोन बोटं नख वाढायला किती दिवस लागतात? नालबंद म्हणाला, चार महिने. पण त्याच्या शब्दावर कोर्ट चालणार नव्हतं. मी सायकल मारत पोलीस लाइनीत गेलो आणि आमच्या घोड्यांच्या डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी मोजलं, बघितलं आणि लिहून दिलं: डाग चार महिन्यांच्या आतला नाही. थानेदारांनी कागद दोनदा वाचला. त्या दिवशी चहा माझ्या टेबलावर आधी आला.

तिसऱ्या दिवशी मालकाला पुरवणी जबाबासाठी बोलावलं. प्रश्न मी विचारावेत, असं थानेदार म्हणाले. माझा आवाज थोडा अडखळत होता. त्यामुळे मालक अधिकच निर्धास्त झाला.

मी विचारलं, मेळ्यात घोडी घेतली तेव्हा तिचे खूर बघितले होते का? तो म्हणाला, खूर न बघता कोणी घोडी घेतं का? नंबर होता? छे, आरशासारखे साफ खूर. महिन्यापूर्वी? हो, महिन्यापूर्वी. मी ते सगळं लिहिलं, वाचून दाखवलं, त्याची सही घेतली. मग डॉक्टरांचा कागद समोर ठेवला.

त्याने वाचला. पगडी काढून मांडीवर ठेवली.

“प्रोफेसर,” थानेदार शांतपणे म्हणाले, “सेठजी को पानी पिलाओ.”

पावती खोटी निघाली. खरी गोष्ट अशी होती की त्याच्याच एका भाडोत्री टांगेवाल्याने युनियनच्या मदतीने स्वतःची घोडी घेतली होती. उद्या सगळेच तसं करतील, ही मालकाला धास्ती. ही घोडी त्याच्या हातून गेली असती तर पुन्हा कोणी धजावलं नसतं.

हवालदारजीला सोडताना मी पुन्हा विचारलं, आता तरी धन्याचं नाव सांगाल? घोडी कोणाच्या ताब्यात देऊ? तो काही बोलणार एवढ्यात पोटीसवाला किडकिडीत माणूस फाटकातून आत आला, थानेदारांच्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “हुज़ूर, घोड़ी मेरी है.” तीन दिवस तो माणूस रोज सकाळी त्या ठाण्यात येऊन गेला होता, ज्याच्या समोरून जायलाही तो घाबरत असे. हवालदारजी म्हणाला, “बघा साहेब. जनावरापायी माणूस कुठवर येतो.”

खोट्या फिर्यादीबद्दल मालकावर खटला भरायचा थानेदारांचा विचार होता. हवालदारजीनेच हात जोडले. त्याचे पंधरा घोडे पण आमच्याच टाकीवर पाणी पितात, म्हणाला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, ते नीट सांगता येईल असं वाटत नाही. एवढं खरं की त्यानंतर कागद आधी आणि माणूस मागाहून, असं मी केलं नाही. गप्प बसलेल्या आरोपीला मी लगेच गुन्हेगारही मानलं नाही. कोणासाठी गप्प आहे, ते आधी शोधलं.

दशक संपता संपता हवालदारजी गेला. अंत्ययात्रेला स्टेशनचे सगळे टांगे होते, त्या मालकाचेही. काही दिवसांनी सतरा नंबरवाला माझ्याकडे आला. अंग भरलेलं, आवाज मोकळा झालेला. हवालदारजीची ती जुनी वही त्याच्याकडे आली होती. नोंदी मराठीत, त्याला वाचता येईनात. सतराचं पान वाचून दाखवा म्हणाला.

मी वाचलं. “सतरा. पुढचा पाय. तीन दिवस ठाण्यात. चारा बरा. चिठ्ठी खाल्ली, अपाय नाही.” त्याच्या खाली आणखी एक नोंद होती. “ठाण्यातला नवा साहेब. बुजरा. बोलताना अडखळतो. पण खूर उचलून बघतो. कामाचा होईल.” आणि त्यापुढे, मागाहून वेगळ्या शाईत घातलेला, एक नंबर. चव्वेचाळीस.

मी त्याला विचारलं, हा नंबर कशाचा? तो हसला.

“वो तो सिर्फ़ अपने अड्डेवालों को मिलता है, साहब.”