धूर दिसेल अशी बंदूक

सोनवणे सरांना काहीही विचारा, उत्तर एकच यायचं: "तेच तर!" चहा घेणार का? "तेच तर!" उद्याचा परिपाठ तुमच्याकडे आहे. "तेच तर!" हेडबाईंनी एकदा त्यांना रजा नामंजूर झाल्याचं सांगितलं, तेव्हाही ते मान डोलावून "तेच तर!" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी खुशाल गावी, नंदुरबारला निघून गेले. स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरधरून हसलो. माणूस बेफिकीर आहे असं माझं मत झालं आणि पाच वर्षं मी ते मोठ्या कौतुकाने जपलं.

आमची मराठी शाळा सुरतच्या उधन्यात. मैदानाच्या भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना, आणि त्याचा खडखडाट शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत. मी मराठी शिकवते; विरहाच्या कविताही मी तिथे ओरडूनच शिकवल्या आहेत. सोनवणे सर खेळ शिकवत. बुटके, गोटीबंद, पायात खडूने पांढरे केलेले बूट. मुलं बहुतेक डिंडोलीच्या लूम कामगारांची, खानदेशातली. त्यांच्याशी सर घरच्या अहिराणीत बोलत. "पय रे भो, पय! मांगे कुत्रं शे अस समज!" पोरं खरंच मागे बघून पळायची.

त्या वर्षी क्रीडादिनाच्या आधी सर हेडबाईंकडे गेले आणि म्हणाले, "शिट्टीवर शर्यत सुटत नाही. लूम आडवे येतात. बंदूक पाहिजे."

हेडबाईंचा चहा सांडला. टिकल्यांची खेळण्यातली बंदूक, हे कळल्यावर त्यांनी मंजुरी दिली, वर काही चुकू नये म्हणून मला सोबत धाडलं. त्याला कारण होतं. नवे ट्रस्टी साहेब हेडबाईंना बजावून गेले होते, "सोनवणेंना आता मैदान झेपत नाही म्हणतात. क्रीडादिनाला मी स्वतः बघतो. नसेल जमत, तर शेवटची दोन वर्षं लायब्ररीत बसवू." आमची लायब्ररी म्हणजे एक लोखंडी कपाट, तेही किल्ली हरवलेलं. त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचं, या कल्पनेनेच सर आठवडाभर जेवले नव्हते.

भागळच्या बाजारात एका खेळण्यांच्या दुकानी आम्ही शिरलो. "तुम्ही बोला ताई, मी बघतो," सर म्हणाले. दुकानदाराने आम्हाला नातवासाठी आलेले आजी-आजोबा समजून डझनभर बंदुका मांडल्या. सरांनी एकेक उचलली. लांब नळीची त्यांनी पँटच्या खिशात घालून पाहिली आणि शर्यतीच्या रेषेजवळ बसतात तसे दुकानात मध्येच उकिडवे बसले. नळी पोटात रुतली. "नको. पोरांआधी मीच उडेन."

मग एक चकचकीत काळी आली. "काका, आ लई जाव ने. ओटोमेटिक छे! घोडो ताणवानी जरूर ज नथी," दुकानदार म्हणाला. नुसता चाप दाबला की घोडा आपोआप मागे जाऊन पडायचा. सरांनी तीनदा दाबून पाहिली आणि तोंड वाकडं करून परत दिली.

शेवटी ढिगाच्या तळाशी त्यांना हवी ती सापडली. घोड्यावर बसून फिरणारे गोरे शिलेदार कमरेला लावतात तसल्या घाटाची, पण ठेंगणी. मूठ पिवळसर, नळी बोटभर. हिचा घोडा दर खेपेला अंगठ्याने मागे ओढावा लागे. ओढला की खट् करून अडकायचा, मगच चाप चालायचा. सर तो घोडा पुन्हा पुन्हा ओढत राहिले, डोळे मिटून. मला वाटलं, म्हातारपणी काउबॉय व्हायची हौस आली.

तेवढ्यात दुकानदाराने दुसऱ्या बंदुकीत टिकली घालून सरांच्या पाठीमागे धाडकन उडवली. मी किंचाळले. शेजारची बाई लेकराला घेऊन पायरी उतरली. सर मात्र डोळे मिटून घोडाच ओढत होते. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

त्यांनी डोळे उघडले, माझं तोंड पाहिलं, आणि त्यांना कळलं की मला कळलं.

"मास्तर व्हायच्या आधी बारा वर्षं लूमवर होतो ताई," ते हळूच म्हणाले. निदान त्यांना तो आवाज हळू वाटला असावा. अर्ध्या दुकानाने ऐकला. "कान तिथेच ठेवून आलो. ती ऑटोमॅटिक कधी वाजली, ते मला कोण सांगणार? हिचा घोडा अडकला की अंगठ्याला कळतं, अन् वाजली की धूर दिसतो. कुणाला बोलू नका. माझं मैदान जाईल." मला फार लाज वाटली. पाच वर्षं मी ज्याला हसत होते, ते त्या माणसाचं नुसतं सांभाळून घेणं होतं.

क्रीडादिनाला ट्रस्टी साहेब पहिल्या रांगेत बसले. मी सुरुवातीच्या रेषेवर झेंडा धरून उभी. पाच शर्यती झकास सुटल्या. सर घोडा ओढत, हात वर करत, चाप दाबत, धुराकडे बघत आणि विजयी मुद्रेने मिशीवरून बोट फिरवत. मग शेवटची, मुलींची शंभर मीटर आली. सात मुली वाकल्या. हात वर गेला, चाप दाबला गेला, आणि बंदूक वाजलीच नाही. टिकल्यांचा रोल संपला होता. सर हात वर धरून तसेच उभे, आणि समोर ट्रस्टी साहेब मान पुढे काढून बघतायत.

पहिल्या पट्टीतल्या दीपालीने एकवार सरांकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात बाकीच्यांना म्हणाली, "सरांची फुसकी झाली. पळा गं!"

सातही जणी सुटल्या. एकही मागे राहिली नाही.

समारोपाला ट्रस्टी साहेबांनी सरांचा हात हातात घेतला. "बंदूकनो अवाज तो फर्स्ट क्लास छे, हं! छेल्ली रेसमां तो हुं चोंकी गयो!" शेवटच्या शर्यतीला म्हणे ते दचकले होते. सर म्हणाले, "तेच तर!" मैदान वाचलं.

दोन वर्षांनी सर निवृत्त झाले. निरोप समारंभानंतर त्यांनी ती ठेंगणी बंदूक रुमालात गुंडाळून माझ्या हातात ठेवली. एवढ्या दिवसांनी मला राहवलं नाही. त्यांच्यासमोर उभी राहून, ओठ नीट हलवत मी म्हटलं, "सर, एक सांगायचं राहिलं. मुलींच्या त्या शर्यतीला ही वाजली नव्हती."

"माहीत आहे," सर म्हणाले. "धूर कुठे निघाला? मन्हा कान गयात ताई, डोया नही."

"मग तुम्ही शर्यत थांबवली का नाही?"

"थांबवून काय सांगू? तुमचा मास्तर बहिरा आहे म्हणून? ते तर पोरींना माहीतच होतं, म्हणून तर पळाल्या." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, तोवर डोळ्यांत नेहमीचा खट्याळपणा परत आला होता. "माझं जाऊ द्या. न वाजलेली बंदूक ऐकून जे दचकले, त्यांचे कान तपासा आधी."

मी म्हटलं, "तेच तर!"