हात मागं घे

"ए, हात मागं घे. इथं भाकऱ्या वाटत न्हाईत."

असं साहेब मला म्हणाले. मुंबईत, भर दुपारी, एका जपानी हॉटेलात. लांब लाकडी कट्टा, त्याच्यापुढं आठ खुर्च्या, शेवटच्या खुर्चीवर मी. माझा उजवा हात कट्ट्यावर पुढं झालेला, तळवा उघडा. समोर शेफ. त्याच्या बोटांत भाताचा घास, वर माशाची पातळ चकती. माझ्या हातापासनं वीतभर लांब. तो थांबला.

मग साहेब पाहुण्यांकडं बघून हसले आन् मला म्हणाले, "सांग त्यांना. म्हणावं, धनगराची पोर हाय. कितीबी शिकवा, हात पसरायची खोड सुटत न्हाई."

सांग त्यांना. कारण दुभाषी मीच. जपानी मला येती, साहेबांना येत न्हाई. म्हणजे माझा अपमान पाहुण्यांना नीट कळावा म्हणून तो मीच जपानीत करून सांगायचा.

मी काय सांगितलं ते पुढं येईल. लपवणार न्हाई.

ऑफिसात मी शुद्ध बोलते. फोनवर तर इतकं शुद्ध, की लोक इचारतात, मॅडम पुण्याच्या का? पण ही गोष्ट माझी हाय, तवा माझ्या बोलीत सांगणार. ज्याला खटकंल त्यानं इथंच थांबावं.

मी आटपाडीकडची. आता आमची थोडी डाळिंबं हायेत, पण मी ल्हान व्हते तवा दिवाळी झाली की आमी मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचो. ऊसवाल्यांच्या रानात मेंढरं बसवायची. खत त्यांना, पाला आमच्या मेंढरांना. आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. तळावर माणसं सात आन् ताटं दोन. आई तीन दगडांच्या चुलीपुढं बसायची आन् भाकरी हातावर द्यायची. वर ठेचा न्हाईतर भाजीचं कोरड्यास. कुणाला काय पायजे हे ती इचारायची न्हाई. तोंडाकडं बघायची. ज्याचं अंग कणकणतंय त्याला मऊ पापुद्रा, जो लय चाललाय त्याला दीड भाकरी. आपण घ्यायचं आन् गरम हाय तवर खायाचं.

आन् रीत अशी, की देणाऱ्याचा हात निघाला की आपला हात पुढं गेलाच पायजे. तिला घास खाली ठेवावा लागला तर ते वाईट. खाली काय, माती आन् लेंड्या. अन्न भुईला टेकवायचं न्हाई, देणाऱ्याचा हात ताटकळत ठेवायचा न्हाई. एवढं एक वळण आईनं आमाला मारून मारून लावलं. ते भीक न्हाई. भीक मागणारा तोंडानं मागतो. आमी तोंड उघडत नव्हतो.

पुढं मी शिकले. पुण्यात जपानीच्या वर्गात बाईंनी एकदा 'ओमाकासे' शब्द सांगितला. म्हणजे, तुमच्यावर सोपवलं. मेन्यू न्हाई, यादी न्हाई. शेफ तुमच्याकडं बघून एकेक घास करणार, पुढं ठेवणार, तुमी लगेच खायाचा. वर्गातल्या पोरी म्हणाल्या, बाई, किती वेगळं! मी मागच्या बाकावर गप बसले व्हते. मनात म्हटलं, ह्यात काय वेगळं? माझी आई रोज हेच करती.

नोकरी साताऱ्यात लागली, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. यंत्रांचे सुटे भाग बनवतात, निम्मा माल जपानला जातो. साहेब म्हणजे मालकच. कृष्णाकाठचे, चार पिढ्यांचा ऊस. त्यांच्या रानात आमची मेंढरं कवा बसली असतील का, हे मला ठावं न्हाई. बसली असतील.

मोठ्या कराराच्या बोलण्याला जपानचे दोन पाहुणे येणार व्हते. एक म्हातारे इंजिनियर, एक तरणा. साहेबांनी मला केबिनमधे बोलावलं. "मुंबईतलं सगळ्यात भारी जपानी हॉटेल काढ. ते ओमाकासे म्हणतात तसलं. पाहुण्यांनी तोंडात बोटं घातली पायजेत."

मी म्हटलं, "काढते साहेब."

लय आनंद झाला व्हता मला, खोटं कशाला बोलू? आजवर मी दुसऱ्यांची वाक्यं इकडची तिकडं केली. हे पहिलं काम असं, की ज्यात माझं डोकं लागणार व्हतं.

तीन ठिकाणं काढली. पहिलं उंच इमारतीत, खाली समुद्र दिसतो. माशावर सोन्याचा वर्ख लावून देतात. फोनवरची पोरगी सारखं वर्खाचंच सांगत व्हती. मी इचारलं, भात कवा शिजवता? तिला सांगता आलं न्हाई. दुसरीकडं इतकं मोठ्यानं गाणं, की फोनवर पलीकडच्याचं मला आन् माझं त्याला ऐकू येईना. म्हाताऱ्या पाहुण्यांना एका कानानं कमी ऐकू येतं, हे मला त्यांच्या जुन्या मेलवरनं माहीत व्हतं. ते बी बाद.

तिसरं एका गल्लीत. साधं दार, वर पाटी बी नीट न्हाई. एका रविवारी मी पहाटंची एसटी धरून स्वतःच्या पायानं बघाया गेले. कुणी सांगितलं नव्हतं. शेफ जपानी, पन्नाशीचा, एकटाच भात निववत व्हता. मी दारातच उभी राहिले आन् वास घेतला. मेंढरांच्या तळावर वाढलेल्या माणसाचं नाक तिखट असतं बघा. दूध नासाया लागलंय हे आमाला झाकण उघडायच्या आत कळतं. तिथं माशाचा वास नव्हता. गरम भाताचा आन् त्यात घालायच्या आंबट शिरक्याचा तेवढा येत व्हता. मी त्याला जपानीत म्हणाले, "इथंच आणते." त्यानं मान झुकवली आन् एकच अट घातली. अत्तर लावून कुणी येऊ नये, वासानं चव मरती.

साताऱ्याला येऊन मी साहेबांना सगळं लिहून दिलं. अत्तर नको. शेफ घास बशीवर ठेवतो, ठेवला की लगेच खायाचा. हातानं खाल्ला तरी चालतो. साहेबांनी वाचलं का न्हाई, कुणाला ठावं. येताना अत्तराच्या घमघमाटातच आले.

आन् जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "तू जेवून ये. तिथं फक्त बोलायचं." मी सांगितलं, साहेब, तिथं खुर्चीवर बसंल त्याला ते वाढणारच, तसा नियम हाय. साहेबांनी तोंड वाकडं केलं. "बरं. मग शेवटाला बस."

अशी मी शेवटाला बसले. साहेब, त्यांचा मुलगा, आमचे सेल्सचे मॅनेजर, दोन पाहुणे आन् मी. शेफ वाढाया लागला. म्हातारे पाहुणे पहिला घास खाऊन डोळे मिटून बसले. मग इचारलं, "ही जागा कुणी शोधली?"

मी साहेबांना मराठीत सांगितलं. साहेब म्हणाले, "सांग, मी स्वतः निवडली."

मी सांगितलं, साहेबांनी स्वतः निवडली. गिळलं. म्हटलं, जाऊ दे. मालक हायेत.

दोन-तीन घास ठरल्यापरमाणं झाले. माझी धांदल चालली व्हती, कारण दोन्हीकडनं बोलणं सुरू. चौथ्या घासाला मी साहेबांचं वाक्य संपवून वळले, तर शेफचा हात माझ्याकडं निघालेला. आन् माझा हात आपोआप पुढं गेला. मी न्हाई नेला. तो गेला. वीस वरसांचं वळण. माझ्यापुढं काळी बशी हाय, घास तिच्यावर ठेवायचा असतो, हे मला चांगलं माहीत व्हतं. मीच साहेबांना लिहून दिलं व्हतं की.

तवा साहेब ते बोलले. हात मागं घे.

साहेबांचा मुलगा खो खो हसला. मॅनेजरनी मोबाईल काढला आन् त्यात डोकं घातलं. तेबी आमच्याकडचेच, जतचे.

आन् मी हात मागं घेतला. साहेबांनी 'सांग त्यांना' म्हटल्यावर मी पाहुण्यांकडं बघून जपानीत म्हणाले, "माफ करा. मला इथली रीत माहीत नव्हती. साहेब सांगतायत, मला सांभाळून घ्या."

असं मी सांगितलं. साहेबांचं घाणेरडं बोलणं धुऊन, इस्त्री करून पाहुण्यांना दिलं आन् घाण सगळी माझ्या अंगावर ठेवली. पाहुणे कौतुकानं साहेबांकडं बघून हसले. किती मायाळू मालक! साहेबबी हसले. त्यांना वाटलं, जमलं.

शेफनं घास बशीवर ठेवला. हातानं उचलायची मला भीती वाटली. काड्यांनी उचलाया गेले तर भात सुटला आन् बशीत सांडला. साहेबांचा मुलगा परत हसला.

सगळ्यात शेवटी काय असतं ठावं हाय का? समुद्री शेवाळाच्या काळ्या कुरकुरीत पानात गुंडाळलेली भाताची एक सुरळी असती. बशीत ठेवली तर ती लगेच मऊ पडती. म्हणून शेफ ती थेट हातात देतो. पाहुण्यांनी हात पुढं केला. साहेबांनी केला. चांगला उघडा, तळवा वर करून. साहेबांच्या मुलानं केला. कुणी कुणाला काय बोललं न्हाई.

शेफ माझ्यापुढं आला. सुरळी पुढं धरून थांबला. माझे दोन्ही हात मांडीवर. ते उठंनात. मी म्हणाले, "पोट भरलं." आन् त्याचा हात तसाच ताटकळत राहिला. जी गोष्ट करू नये म्हणून आईनं मला बडवलं व्हतं, तीच मी केली.

पुढच्या रविवारी घरी आटपाडीला गेले. आई चुलीपुढं. तिनं भाकरी काढली, वर ठेचा घातला आन् हात माझ्याकडं केला.

मी म्हणाले, "ताट दे."

आई म्हणाली, "का गं? हाताला काय लागलंय व्हय तुझ्या?"

तिनं माझा हात धरला, उलटा केला, सुलटा केला. भाजलंय का बघितलं, कापलंय का बघितलं. "काय सुदिक झालं न्हाई की गं," म्हणाली.

तवा माझं डोकं फुटायची येळ आली. साहेबांचा राग न्हाई आला. माझा आला. माझ्या आईच्या हातनं ताटाबिगर घ्यायची मला लाज वाटली! एवढी चाकरी? मुंबईत बसून त्या माणसानं एक वाक्य टाकलं आन् ते मी आटपाडीपतुर आणून आईच्या चुलीपुढं मांडलं. दुभाष्याचं काम मी लय इमानानं केलं व्हतं, फक्त चुकीच्या माणसापाशी. मी आईच्या हातनं भाकरी घेतली. तळवा उघडा करून. आन् ठरवलं.

दोन महिन्यांनी पाहुणे साताऱ्याला आले. कारखान्याच्या मीटिंगच्या खोलीत पंधरा-सोळा माणसं. करारावर सह्या व्हायच्या व्हत्या. म्हातारे पाहुणे मुंबईच्या त्या जेवणाची आठवण काढून म्हणाले, असं जेवण जपानबाहेर मिळालं न्हाई कवा, साहेबांना जागा निवडायची चांगली जाण हाय.

मी मराठीत सांगितलं. साहेब खुर्चीत मागं रेलले. "सांग, आपली निवड चुकत न्हाई. परत नेतो म्हणावं. ह्या खेपेला धनगरणीचे हात बांधून बसवतो, न्हाईतर परत पसरंल." खोलीत हशा झाला.

मी पाणी प्याले. उभी राहिले. आन् जपानीत सांगितलं. सगळं. 'धनगरण' म्हणजे काय ते फोडून सांगितलं. हात बांधून ते सांगितलं. परत पसरंल ते सांगितलं. एक शब्द पुसला न्हाई, एक शब्द पदरचा घातला न्हाई. मग म्हणाले, "इथपर्यंत साहेबांचं बोलणं. आता माझं. मागच्या वेळी मी तुम्हाला खोटं सांगितलं. ती जागा मी निवडली व्हती. आन् 'मला सांभाळून घ्या' असं साहेब म्हणालेच नव्हते. साहेब जे बोलले व्हते ते हे." आन् तेबी सांगितलं.

तरणा पाहुणा खाली बघत व्हता. म्हाताऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

साहेब म्हणाले, "काय सांगितलंस गं?"

मी म्हणाले, "तुमी बोललात तेच, साहेब. शब्दाला शब्द."

करार झाला का न्हाई, मला इचारू नका. झाला. त्यांना माल पायजे व्हता, ह्यांना गिऱ्हाईक. माझ्यासाठी कुणी पेन खाली ठेवला न्हाई आन् मी तशी आशाबी केली नव्हती.

संध्याकाळी ऑफिसातनं निरोप. एचआरच्या साहेबांनी कोरा कागद पुढं सरकवला. माणूस वाईट न्हाई, घाबरट हाय. "मॅडम, एकच ओळ लिहा. भाषांतरात माझ्याकडून चूक झाली. बास. नोकरी राहील."

मी म्हणाले, "द्या. लिहिते."

त्यांना हायसं वाटलं. मी शुद्ध मराठीत लिहिलं, त्यांना कळावं म्हणून.

'भाषांतरात माझ्याकडून चूक झाली. ती मुंबईत झाली. साहेब माझ्या हाताबद्दल आणि माझ्या जातीबद्दल जे बोलले, ते मी पाहुण्यांपासून लपवलं. जागा मी निवडली असताना साहेबांनी निवडली असं सांगितलं. ही चूक पुन्हा होणार नाही. इथे नाही, दुसऱ्या कुठल्याही नोकरीत नाही. माझ्यासमोर जो जे बोलेल, ते मी तसंच सांगेन.'

खाली सही केली. एचआरचे साहेब म्हणाले, "ठेवा तिथं टेबलावर."

मी ठेवला न्हाई. कागद धरून उभी राहिले.

"हात पुढं करा," मी त्यांना म्हणाले.