घासत्या पावलाचे दिवे

कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं काचेची दांडी रेशमी फडक्यावर घासली. प्राध्यापक शिकवायचे, मी घासायचो. त्यामुळे घर्षणातून वीज काढण्याच्या बाबतीत आमच्या घरात माझ्याइतका जाणकार दुसरा नव्हता. घरात आम्ही दोघंच, ही गोष्ट वेगळी.

बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा पाय फरफटायला लागला. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याला तो अडायचा आणि तिथेच तिचे डोळे भरायचे. स्वतःच्याच स्वयंपाकघरात तिला जाता येईना. मला ते बघवत नव्हतं. व्यायामाचं नाव काढलं की ती भिंतीकडे तोंड करायची.

मग मी अक्कल पाजळली. तिच्या चपलेच्या तळाला टेफ्लॉनची पट्टी चिकटवली, फरशीवर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या आणि त्यांना चिमुकल्या दिव्यांची माळ जोडली. पाय घासला की दिवे लुकलुकायचे. ती हरखली, आठवडाभर घरभर चालत राहिली. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

दर आठवड्याला येणाऱ्या, व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी दिवे पाहिलेच नाहीत, पाय पाहिला.

"काका, मागच्या आठवड्यात ह्या पाय थोडा तरी उचलत होत्या. आता मुद्दाम घासताहेत."

"उचलला तर दिवा लागत नाही ना," बायको म्हणाली.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच! सगळ्या पट्ट्या उचकटल्या. नव्या चपलेत दोन पातळ थर बसवले, मध्ये स्पंज. पाऊल टेकलं की थर एकमेकांना लागणार, पूर्ण उचललं की सुटणार, आणि तेव्हाच चपलेला लांब वायरीने जोडलेली दिव्यांची माळ चमकणार. तीन आठवडे ती माझा उद्धार करत पाय उचलत राहिली.

एका सकाळी ती उंबरठ्यापाशी पोचली आणि दिवे लागलेच नाहीत.

"थांब गं, हलू नकोस! वायर तुटलीय," म्हणत मी गुडघ्यांवर बसलो आणि फरशीवर तुटलेलं टोक शोधायला लागलो.

"अहो, शोधताय काय? माझे दोन्ही पाय आत आलेत."

मान वर केली. ती आत ओट्याला धरून उभी होती. मला रडूच फुटलं. महिनाभर ज्या पावलाची वाट पाहिली, ते उचललं गेलं तेव्हा मी वायर बघत होतो.