घळीतल्या आसरा आणि पाणाड्याची कबुली

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी कुठली घटना मनातून जात नाही असं कुणी विचारलं, की मला बालाघाटातली ती घळ आठवते. तिथे कुणी मेलं नव्हतं, काही चोरीला गेलं नव्हतं. पण त्या प्रकरणात मी जेवढा चुकलो तेवढा एरवी कधी चुकलो नाही, आणि ती चूक सरकारी कागदावर कुठेच आलेली नाही.

मी मूळचा कोकणातला. बीड जिल्ह्यात बदली होऊन दोनच महिने झाले होते. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता आणि ठाण्यातली निम्मी माणसं टँकरच्या बंदोबस्तावर होती. माझं डोकं तेव्हा लवकर तापायचं. हाताखालचे लोक चहा आणून ठेवायचे आणि न बोलता निघून जायचे.

अशात अंबाजोगाईच्या कॉलेजातले एक प्राध्यापक फिर्याद घेऊन आले. डोंगरातल्या एका घळीत, कपारीच्या आतल्या खडकावर, हजारो वर्षांपूर्वीची चित्रं होती. गेरूसारख्या लाल रंगातले बैल, हरणं, आणि एकमेकींचे हात धरून उभ्या सात बायका. त्या सात जणींना गाव साती आसरा म्हणायचं, म्हणजे पाण्याच्या देवता. बैल-हरणं शाबूत होती, पण बायका कुणीतरी घासून काढल्या होत्या. "साहेब, हे पुन्हा कुणालाच काढता येणार नाही," प्राध्यापक म्हणाले.

गाडीरस्ता संपल्यावर दोन तास चालून आम्ही घळीत पोहोचलो. पंचनाम्यात दोन गोष्टी नोंदवल्या. खाली नारळाच्या शेंड्या पडल्या होत्या आणि खडकावर पांढुरके ओघळ होते. ओघळांकडे मी नीट पाहिलंही नाही.

खबर दुसऱ्याच दिवशी मिळाली. गावच्या सहकारी दूध संस्थेचे चेअरमन स्वतः ठाण्यात आले. संस्थेच्या विहिरीची जागा गावातल्या म्हाताऱ्या पाणाड्यानं दाखवली होती. तळहातावर आडवा नारळ धरून चालायचं आणि तो उभा राहील तिथे जमिनीखालचं पाणी सांगायचं, हा त्याचा जन्माचा धंदा. विहीर कोरडी निघाली आणि लोक त्याला नाही नाही ते बोलले. "गुरवारी त्यो नारळ घेऊन घळीत गेलता, आमच्या माणसानं बघितलाय," चेअरमन म्हणाले. "लोकायचा राग देवावर काढला, साहेब. आता त्याला टँकरचं पाणी द्यायचं न्हाई, असं गावानं ठरवलंय."

त्या उन्हाळ्यात टँकर बंद म्हणजे माणसानं गाव सोडायचं किंवा मरायचं. ते मला कळत होतं. पण आरोपी आयता मिळतोय याचा आनंद जास्त होता, हे कबूल करतो.

म्हातारा गावाबाहेर खोपटात एकटा राहायचा. त्याला आणलं. माझा रायटर नाशिककडचा होता, तो लिहायला बसला.

"आसरांना तू पुसलंस का?"

"व्हय साहेब, म्या पुसलं." बिचकला नाही की नजर चोरली नाही.

"कशानं?"

"नारळानं."

रायटरनं माझ्याकडे पाहिलं. शेंड्या दोघांच्याही डोळ्यांपुढे होत्या.

"किती वेळ?"

"सकाळच्यापून ऊन डोक्यावर येईस्तोवर. लई येळ लागला."

"का पुसलंस?"

"पाण्यासाठी. दुसरं कावून पुसंल माणूस?"

जबाब वाचून दाखवला, त्यानं मान हलवली. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. गावात मात्र ती पक्की टिकते. त्याच दिवशी गावानं त्याच्या खोपटातली भांडीकुंडी बाहेर फेकली.

मला एकच गोष्ट खुपत होती. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, खरा गुन्हेगार कबुली देताना निदान एकदा तरी रडतो किंवा चिडतो. हा तर उसाचा भाव सांगावा तसा सांगत होता. म्हणून त्याला घळीत न्यायचं ठरवलं. सोबत पंच, प्राध्यापक आणि त्याच भागातला एक जुना हवालदार, जो जबाबाच्या वेळी टँकरवर होता.

कपारीपाशी पोहोचल्यावर मी म्हणालो, "दाखव, कसं पुसलंस."

म्हाताऱ्यानं पायताण काढलं आणि उन्हाकडे पाठ करून मांडी घातली. नारळ मागितला, पिशवीतला दिला. तो त्यानं तळहातावर आडवा ठेवला, डोळे मिटले आणि हळू आवाजात म्हणाला, "आयांनो, विहिरीला पाणी कावून लागंना? माझं काय चुकलं?" आणि नारळ कधी उभा राहतो याची वाट पाहत बसला.

हवालदार माझ्या कानाशी आला. "साहेब, आमच्याकडं पुसणं म्हंजी इचारणं."

मी तिथल्या तिथे गार पडलो. शाळेत ओव्यांमधून हाच शब्द या अर्थानं मी पाठ केला होता. ठाण्याच्या खुर्चीत बसल्यावर तो मला आठवला नव्हता.

तेवढ्यात म्हाताऱ्यानं डोळे उघडले आणि खडकाकडे पाहिलं. गुरुवारनंतर तो तिथे आलाच नव्हता. नारळ खाली पडला. "आयांनो, कुठं गेल्या वो?" म्हणत तो खडकावरून हात फिरवत राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

हवालदारानं पांढऱ्या ओघळावर बोट घासून नाकाशी नेलं. "साहेब, सोडा हाय ह्यो. दुधाचे कॅन धुवायचा."

तिथून तडक दूध संस्थेत गेलो. पाच-सहा बायका कॅन घासत होत्या, त्यांत चेअरमनच्या मंडळीही होत्या. या वेळी मी शब्द हवालदाराला विचारून घेतला होता. "आसरांना न्हाऊ कुणी घातलं?"

"आमीच," चेअरमनच्या मंडळी चटकन म्हणाल्या. "शुक्रवारी गेलतो सगळ्या. टँकरचं घागर घागर पाणी काढून ठिवलंतं. काजळी लई साचलीती, म्हून सोड्यानं घासल्या. अशा झळकत हुत्या म्हनून सांगू! मागनं त्या म्हाताऱ्यानं खरडून काढल्या." म्हातारा तर त्यांच्या आदल्याच दिवशी, गुरुवारी, जाऊन आला होता.

प्राध्यापकांनी समजावलं. ओला खडक चित्र उजळ दाखवतो. तो वाळला, तेव्हा रंग सोड्याबरोबर उतरलेला होता. बाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. "आमच्याच हातानं?" त्या म्हणाल्या. त्यांना आरोपी म्हणून उभं करावं असं फिर्यादीलाही वाटेना. गैरसमजातून घडलेला प्रकार, असा अहवाल मी कोर्टात पाठवला.

वरिष्ठ म्हणाले, प्रकरण मिटलं, आता गप्प बसा. मी बसलो नाही. म्हाताऱ्याला जीपमधून गावात नेलं आणि पारापाशी लोकांना सांगितलं, की यानं काही केलेलं नाही, शब्द ऐकण्यात चूक माझी झाली. लोकांनी माना डोलावल्या. चेअरमन म्हणाले, "झालं गेलं जाऊ द्या, बाबा. उद्यापून टँकरवर या." कुणीतरी चहा सांगितला.

त्या दिवसानंतर मी एक नियम पाळला. जबाब लिहिताना त्या मुलखातला माणूस शेजारी बसवायचा आणि कबुली जितकी सोपी मिळेल तितकं जास्त थांबायचं. माणूस खरंच बोलत असतो, ऐकणाऱ्याला आपल्याच सोयीचं ऐकू येतं. हे मी पुढे नव्या फौजदारांनाही शिकवलं. पण त्या म्हाताऱ्याला त्याचा काय उपयोग?

त्या दिवशी पारापाशी तो जीपमधून खाली उतरलाच नाही. "नेकनूरला लेक हाय, तिकडं सोडा," म्हणाला. वाटेत मी दोनदा माफी मागितली. उतरताना त्यानं माझ्या हातावर हात ठेवला.

"तुमी परमुलखातले, साहेब. तुमाला माझी बोली कळली न्हाई, त्याचं काय वाटून घेऊ? ह्या गावाच्या साठ विहिरी म्या दाखवल्या. त्यायला तर कळत हुती."